प्रवेशाचा अर्ज आणि आपण घरची माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फराळाच्या आधी भाषण ठेवले आहे, तेव्हा लांबवीत नाही. चिटणीसबाईंनी दिलेला विषय घरोघरचा आहे. नामांकित कॉलेजात मुलीला जागा मिळणे कशावर अवलंबून असते? मार्कांवर, हे खरेच. पण मार्क मुलगी मिळवते, आणि पुष्कळदा जागा जाते ती आपल्या, म्हणजे घरच्या माणसांच्या हातून.

बारामतीला 2019 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा आता आपल्या मुलींची सोय झाली असे कितीतरी जणी म्हणाल्या. तसे नाही. तिथल्या 15 टक्के जागा साऱ्या देशासाठी, उरलेल्या साऱ्या महाराष्ट्रासाठी, आणि त्या भरतात नीटच्या गुणवत्ता यादीवर. कॉलेज गावात आहे म्हणून गावाला वेगळा वाटा नाही.

अभियांत्रिकीत मात्र गाव मोजतात, तेही राहते गाव नव्हे, बारावी केलेले! 2025 सालच्या प्रवेशातही बहुतेक कॉलेजांत राज्याच्या कोट्यातील 70 टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेल्यांना होत्या. आपल्या इंदापूरकडच्या मुली नीरा ओलांडून अकलूजला शिकायला जातात. घर पुणे जिल्ह्यात, बारावी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीत; म्हणजे पुण्याच्या कॉलेजला ती बाहेरची. तिकडे पाठवू नका असे मी म्हणत नाही. अकरावीला नाव घालताना एवढे ठाऊक असावे. आणि अकरावी हे विसाव्याचे वर्ष, हाही गैरसमजच. सीईटीत 20 टक्के भाग अकरावीचा असतो.

दाखल्यांविषयी फार बोलत नाही. जूनमधली सेतू केंद्रापुढची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्यांना नॉन-क्रिमीलेयरचा दाखला लागतो त्यांनी त्याची मुदत निकालाच्या आधीच पाहून ठेवावी.

आता माझ्याच घरचे सांगते. 2025 साली माझ्या भाचीचा पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा होता. भावोजी, ताई आणि मी, सगळे भोवती बसलो. पोरीला पुण्याचे कॉलेज वर लिहायचे होते. मी म्हणाले, "आधी जवळचे लिही बाई, हातचे तरी जायला नको." तिने लिहिले. पहिल्याच फेरीत ते मिळाले, आणि पहिली पसंती मिळाली की प्रवेश तिथेच कायम होतो, पुढच्या फेऱ्या बंद. मागाहून याद्या पाहिल्या, तर मुलींसाठी राखीव असलेल्या 30 टक्के जागांत तिच्याहून कमी पर्सेंटाइलच्या मुलीला तेच पुण्याचे कॉलेज मिळालेले! मिळालेले कॉलेज वाईट नव्हे. पण तिचे मन तिथे नव्हते, आणि ते मी तिला विचारलेच नव्हते.

यंत्र यादी वरून खाली वाचते आणि गुणांत बसणारे पहिले नाव देते. वर मोठे नाव लिहिले आणि ते मिळाले नाही, तरी त्यामुळे खालच्या कॉलेजवरचा हक्क जात नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा समजली नव्हती.

खरे तर माझ्या मनात खर्चाचीही धास्ती होती. तीही निम्मी फुकटच. 2024-25 पासून वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक शिक्षणाला जागा मिळाली, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, तो काही थोडा नसतो. पण निदान हिशेब करून तरी नाही म्हणावे. आम्ही हिशेबाआधीच नाही म्हणून बसलो होतो.

भाचीची धाकटी बहीण सध्या अकरावीत आहे. तिने आतापासूनच वहीच्या शेवटच्या पानावर कॉलेजांची यादी केली आहे, पहिले नाव पुण्याचे. भावोजींनी ती वाचली, बोलले काहीच नाहीत. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या कामाला पुण्याला गेले, ते मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करून आले.