मातीच्या वाटेला लागण्यापूर्वी

पावसाची पहिली सर पडून गेली, की बेळगावाहून जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला निघणाऱ्या मोटारसायकलींची संख्या वाढते. त्यांतील काही स्वार डांबरी सडक सोडून तांबड्या मातीच्या वाटा धरतात. डर्ट बाइक नावाचे वाहन याच कामासाठी घडविलेले असते: अंगाने हलके, जमिनीपासून उंच, टायरांना खोल खाचा असलेले. हा छंद मलाही आहे, आणि त्याच्या पूर्वतयारीविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू. निव्वळ शर्यतीसाठी बनविलेल्या गाडीला दिवे नसतात व तिची नोंदणीही झालेली नसते. ती रस्त्यावर न चालविता टेम्पोत घालूनच मैदानावर न्यावी लागते. नोंदणी झालेली गाडी असली तरी भीमगड किंवा म्हादई अभयारण्यात वाट दिसली म्हणून परवानगीवाचून चाक घालता येत नाही.

आता डोक्याविषयी. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. १९४१ साली केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती आणि शिरस्त्राणाचा उपयोग यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना कामावर असताना शिरस्त्राण सक्तीचे केले. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम तर हेल्मेट डोक्यावर असावे एवढ्यावर थांबत नाही. ते पट्ट्याने नीट बांधलेले असावे, असेही सांगते.

या पट्ट्याची किंमत आमच्या मंडळींना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सोबत्याने वाटेत हेल्मेट चढविले, पण पट्टा लावला नाही. चहाच्या टपरीपर्यंतच तर जावयाचे होते! उतारावर पुढचे चाक घसरले. वेग सायकलीपेक्षा फारसा अधिक नव्हता. हेल्मेट आधी सुटून घरंगळत गेले, आणि मागून त्याचे डोके जांभ्या दगडावर आपटले. फोनला तेथे संदेशलहरी मिळेनात. एक जण मैलभर वर गेला तेव्हा कोठे १०८ क्रमांक लागला.

बाकीचा पोशाख थोडक्यात सांगतो. घोट्याच्या वर येणारे जाड बूट, गुडघे व कोपरे झाकणारी कवचे, छातीचे कवच, हातमोजे, धुळीसाठी चष्मा. ऊन आहे म्हणून यांतील काही घरी ठेवण्याचा मोह होतो; त्यापेक्षा पाणी अधिक घ्यावे.

गाडीची पाहणी मात्र सावकाश करण्याची गोष्ट आहे, आणि ती आदल्या संध्याकाळीच करावी. निघण्याच्या घाईत दोष डोळ्यांना दिसत नाहीत. गाडी ठोकळ्यावर घेऊन चाके अधांतरी करावीत व लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारावी. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. बाजारात मडके घेताना आपल्या आज्या हीच परीक्षा करीत. चेन ताणलेली असावी असे पुष्कळांना वाटते. ती समजूत चुकीची आहे. गाडी खड्ड्यात दबली की चेनवरचा ताण वाढतो, म्हणून पुस्तिकेतील मापाप्रमाणे तिला ढील ठेवावीच लागते. अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडताच आपोआप मागे आला पाहिजे, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही. हवेची जाळी धुळीने भरली असेल तर स्वच्छ करावी. मातीवर पकड यावी म्हणून टायरची हवा थोडी कमी करतात. पण फार कमी केल्यास दगडावर चाकाची धाव चेपते आणि ट्यूब कापली जाते. परतताना डांबरी रस्त्यासाठी ती पुन्हा भरावयाची असते, तेव्हा पंप बरोबर हवाच.

एकट्याने जाऊ नये. कोणती वाट धरणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून ठेवावे. ओढा आडवा आला तर आधी पायी उतरून तळ चाचपावा. कोणी पडलाच आणि मानेला मार लागल्याची शंका आली, तर श्वास कोंडत नसेल तोवर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये.

आमचा तो सोबती बरा झाला, आणि डॉक्टरांच्या संमतीने पुन्हा गाडीवर बसू लागला. पट्टा आता तो दोनदा ओढून पाहतो. परंतु त्या आघाताने त्याची वासाची संवेदना गेली ती गेलीच. घरात आमटी करपली तरी त्याला समजत नाही, की नळी गळून पेट्रोल ठिबकू लागले तरी समजत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आमच्यापैकी कोणीतरी त्याच्या गाडीजवळ वाकून वास घेतो, आणि मगच तो किक मारतो.