समजून सोडलेला विषय

(१९९६च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील माझा प्रवास' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, माझा प्रवास रोज मुलुंड ते ऐरोली एवढाच आहे, आणि त्यात सांगण्यासारखं फक्त ट्रॅफिक आहे. त्यापेक्षा दहावीच्या निकालाच्या दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न फिरत असतात, त्यांच्यावर बोलू दे. "लेकीला अकरावीला काय घ्यायला सांगू?" "बायफोकल चांगलं का?" "गणित सोडलं तर पुढे अडेल का?" एरवी सुप्रभात आणि वाढदिवसाच्या पलीकडे न जाणारा आपला ग्रुप त्या दिवसांत रात्री बारापर्यंत जागा असतो. आपल्या दहावीला ३० वर्षं झाली, आता आपली मुलं त्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून आज हाच विषय: आठवी ते बारावी, कुठला विषय घ्यायचा, कुठला सोडायचा.

आपल्या वर्गातला एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी नववीत गेली तेव्हा शाळेने घरी एक तक्ता पाठवला. नववी ते बारावी असे चार रकाने. त्या राज्यात हायस्कूल पूर्ण व्हायला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यात इंग्रजीची २०, गणिताची १५, विज्ञानाची १५, समाजशास्त्रांची १५, आणि बाकी कला, व्यायाम, परकी भाषा वगैरे. कुठल्या वर्षी काय घ्यायचं हे आई, वडील, मुलगी आणि शाळेचे समुपदेशक एकत्र बसून भरतात. मित्राने तो तक्ता ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आपल्याकडे असलं काही नव्हतं, बरं होतं."

मला वाटतं, आपल्याकडेही ते होतं. फक्त ते कुणी छापून हातात देत नव्हतं.

आठवा. आठवीत एक कागद घरी आला होता: संपूर्ण हिंदी, की हिंदी-संस्कृत संयुक्त? आपण बहुतेकांनी 'संस्कृतला मार्क पडतात' एवढ्यावर खूण केली. मग दहावीचा निकाल, आणि त्यानंतर आर्ट्स, कॉमर्स की सायन्स. सायन्सला गेलो तर आणखी एक पोटप्रश्न. बारावीला सहा विषय, ६०० गुण. इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा, आणि उरलेले चार विषय निवडायचे. बायफोकल घेतलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असा २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतला, तर दुसरी भाषा जाते आणि चारांतला एक विषय जातो, बहुधा जीवशास्त्र. म्हणजे संगणकावर खूण करताना मेडिकलच्या दारावर फुली पडते. फॉर्मवर मात्र तसं लिहिलेलं नसतं. फॉर्मवर फक्त चौकोन असतात.

ज्यांच्या घरी कुणी इंजिनिअर किंवा डॉक्टर होतं, त्यांना हे चौकोन वाचता येत होते. माझे वडील भांडुपला कारखान्यात होते, आई घरी शिवणकाम करायची. पीसीएम ही तीन अक्षरं आमच्या घरात कुणी उच्चारलेली नव्हती. आपल्या वर्गात माझ्यासारखीच बरीच घरं होती.

निकालानंतर आपल्या गणिताच्या बाईंनी आम्हा पाच-सहा मुलामुलींना शिक्षकांच्या खोलीत बसवलं होतं. बाई, तुम्ही आज समोर आहात म्हणून सांगते, तो कागद माझ्याकडे आजही आहे. जुन्या उत्तरपत्रिकेचं कोरं पान. त्यावर तुम्ही उजवीकडून सुरुवात केलीत. सर्वांत उजवीकडे, पुढे काय करावंसं वाटतं. त्याच्या डावीकडे, त्या अभ्यासक्रमाला बारावीला कुठले विषय लागतात. त्याच्या डावीकडे, ते विषय एकत्र कुठल्या कॉलेजात शिकवतात आणि तिथे जायला कुठली गाडी. आणि सर्वांत शेवटी चौथा रकाना: यात काय सुटतं. मी संगणक म्हटलं. तुम्ही विचारलंत, "डॉक्टर व्हायचं मनात नाही ना? घरच्यांच्याही नाही ना? मग जीवशास्त्र सोड. पण समजून सोड."

मी बायफोकल घेतलं. घरी संगणक येण्याची शक्यता नव्हती, आणि तिथे आठवड्याला प्रॅक्टिकल होतं, हे मुख्य कारण. १९९८मध्ये इंजिनिअरिंगला आजच्यासारखी सीईटी नव्हती, बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायन आणि गणिताच्या गुणांवर यादी लागायची. तेवढे तीन विषय सांभाळायचे हे मला अकरावीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मराठी माध्यमातून गेलेल्या आम्हाला पहिले चार महिने त्वरणाचं ॲक्सिलरेशन आणि संयुजेची व्हॅलन्सी करण्यात गेले. तरी कुठे जायचंय ते माहीत असल्यामुळे घाबरायला झालं नाही. चौथ्या रकान्यात मराठीही होती. अकरावीपासून ती माझ्या गुणपत्रिकेतून गेली. ती मी ग्रंथालयाची वर्गणी भरून आणि लोकलमध्ये मासिकं वाचून धरून ठेवली, कारण ती सुटतेय हे मला सांगितलं गेलं होतं.

आता दुसरं उदाहरण, तिच्या परवानगीने. माझी मामेबहीण याच शाळेतली, आपल्यानंतर आठ वर्षांची. दहावीला चांगले गुण, कॉमर्सला गेली. तिथे तिच्यासमोर एक चौकोन होता: गणित की एस.पी., म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. क्लासवाल्यांनी सांगितलं, एस.पी. घे, पाठ केलं की मार्क. तिने घेतलं, मार्क मिळालेही. बारावीनंतर तिला बी.एस्सी. आयटी करायचं होतं. मुंबई विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम तेव्हा नवा होता, कॉमर्सची मुलंही जात होती. फॉर्म आणला. अट एका ओळीची होती: बारावीला गणित हवं. तिला गणित येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही, दहावीला तिला त्यात नव्वदच्या वर होते. पण बारावीच्या गुणपत्रिकेत तो शब्द नव्हता.

यातूनही वाट असते, आणि ती पालकांना माहीत हवी म्हणून सांगते. बारावी उत्तीर्ण झालेल्याला राहिलेला एखादा विषय घेऊन पुन्हा परीक्षेला बसता येतं. बोर्डाच्या फॉर्मवर त्याला 'आयसोलेटेड' म्हणतात. तिने एका वर्षात गणित केलं आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेतला. आज ती एका बँकेच्या संगणक विभागात आहे. वर्ष मात्र गेलं, आणि त्या वर्षात मामीने ऐकून घेतलेले शब्द गेले नाहीत. घरात मुलगी असली की फुकट गेलेलं एक वर्ष किती लांब असतं, हे इथल्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

असे चौकोन नंतरही बदलत राहिले. मध्यंतरी काही वर्षं आपल्या बोर्डाला बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेता येत असे. नापास होण्याची भीती त्याने गेली, पण पुढे सायन्सला गणित घ्यायचं म्हटलं की तेच आडवं येई. नंतर तो पर्याय बंद झाला. ज्यांची मुलं सीबीएसईत आहेत त्यांच्याकडे २०२०च्या परीक्षेपासून दहावीला 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशी दोन गणितं आहेत. सोपं म्हणून बेसिक घेण्याआधी, अकरावीला गणित मिळण्याचा नियम काय, हे शाळेत विचारा.

आजच्या पालकांसाठी पाच गोष्टी सांगते. त्या एकेकट्या कुठेही वाचायला मिळतील, पण एकत्र फार कमी जण सांगतात.

एक. २०२५पासून अकरावीचा प्रवेश सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन झाला आहे. जास्तीत जास्त दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. म्हणून पहिल्या ओळीत नाव मोठं आहे म्हणून कॉलेज लिहू नका. तिथे आपल्याला हवे ते विषय एकत्र मिळतात का, ते आधी बघा. बोर्डाच्या यादीत विषय असणं वेगळं, आणि त्या कॉलेजात तो शिकवणारं माणूस असणं वेगळं.

दोन. बायफोकलची वाट स्वतंत्र असते, जागाही मोजक्या असतात. ती वाट धरण्याआधी बाईंचा चौथा रकाना भरा.

तीन. गणित सोडताना सर्वांत जास्त दारं एकदम बंद होतात. इंजिनिअरिंग तर आहेच, पण एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायचं तरी भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. २०२१पासून ती परीक्षा मुलींनाही खुली झाली आहे, तेव्हा हे मुलींच्या पालकांनीही ऐकावं. याचा अर्थ गणित नकोसं झालेल्या मुलाला ते रेटून द्यावं, असा मुळीच नाही. ज्याला चित्रकला किंवा मानसशास्त्र करायचं आहे त्याने ते आनंदाने करावं. फक्त कंटाळा आलाय म्हणून सोडणं आणि नको आहे म्हणून सोडणं यांत फरक आहे, आणि तो पंधराव्या वर्षी एकट्याने ओळखता येत नाही.

चार. आता बारावीचे गुण आणि प्रवेश यांचं नातं आपल्या वेळेसारखं राहिलेलं नाही. राज्यात इंजिनिअरिंगला खुल्या गटासाठी बारावीला त्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव गटासाठी ४०. ते झालं फाटक. फाटकाच्या आत रांग लागते ती सीईटीच्या गुणांची. सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, म्हणून 'अकरावी म्हणजे विश्रांती' हे आपल्या काळातलं वाक्य मुलांना सांगू नका.

पाच. दहावीत अडखळलेल्यांसाठी वाटा वाढल्या आहेत. २०१५पासून निकालानंतर लगेच पुन्हा परीक्षा होते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. आणि आयटीआय, डिप्लोमा या वाटा आहेतच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्या हाताखाली आणि माझ्या वरही त्या वाटेने आलेली माणसं आहेत. आपल्या वेळी 'डिप्लोमाला गेला' हे ज्या आवाजात म्हणत, तो आवाज आता बंद करायला हवा.

२०१६मध्ये बोर्डाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली होती. मुलाचा कल कुठल्या क्षेत्राकडे, ते तिच्यातून कळायचं. कल्पना चांगली होती. पण कल कळला तरी त्या कलाला अकरावीत कुठले विषय, आणि ते मुलुंडहून जाऊन-येऊन कुठे मिळतील, इथपर्यंत येणारं माणूस लागतंच. तेवढं काम कागद करत नाही.

आता मुद्द्यावर येते. आपल्या वेळी या शाळेत वर्गाच्या चार तुकड्या होत्या. आज एक आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं इथे शिकत नाहीत, माझा मुलगाही नाही. त्यांच्या शाळांत समुपदेशक आहेत, आणि घरी आपण आहोतच. आज या वर्गांत बसणाऱ्या मुलांचे वडील रिक्षा चालवतात, आई पोळीभाजी केंद्रात काम करते. त्या घरांत आजही पीसीएम ही तीन अक्षरं कुणी उच्चारलेली नाहीत. म्हणजे आपण १९९६मध्ये जिथे होतो, तिथे ती मुलं आज आहेत, आणि चौकोन मात्र दुप्पट झालेत.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला काहीतरी द्यायचं आपलं ठरतंय. प्रोजेक्टर द्या, पंखे द्या, सगळं द्या. त्याबरोबर एक रविवार द्या. दहावीच्या निकालानंतरचा पहिला रविवार. मुख्याध्यापकांना मी विचारलं आहे, वर्ग उघडून द्यायला त्यांची हरकत नाही. सहा टेबलं मांडू. आपल्यात सीए आहे, डॉक्टर आहे, परिचारिका आहे, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा आहे, फौजदार आहे, आयटीआय करून स्वतःचं वर्कशॉप काढलेला आहे. प्रत्येक मुलाने आणि त्याच्या पालकांनी वीस मिनिटं बसायचं, चार रकाने भरायचे आणि तो कागद घरी न्यायचा. कुणी काय व्हावं हे आपण सांगायचं नाही. काय घेतलं की काय सुटतं, एवढंच सांगायचं. आणि आठवीच्या पालकांसाठी असाच एक रविवार दिवाळीनंतर.

बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात नाव, फोन आणि कुठल्या क्षेत्राच्या टेबलावर बसाल, एवढं लिहा. आत्तापर्यंत सात नावं आली आहेत, त्यांतली दोन आपल्या शिक्षकांची आहेत. जेवणाची रांग वहीच्या पुढूनच जाते, मी मुद्दाम तशी लावून घेतली आहे.