भिडे वाडा कोणाचा?

पुण्याच्या बुधवार पेठेंतील भिडे वाडा तात्यासाहेब भिडे यांचा. १८४८ सालीं त्यांनीं तेथील जागा जोतीराव फुल्यांस मुलींच्या शाळेकरितां दिली. सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. भिडे ब्राह्मण होते, हें आम्ही लपवीत नाहीं. पुढें मालक बदलले, रस्त्याच्या अंगास दुकानें थाटलीं, वरची माडी मोडकळीस आली. महापालिकेनें स्मारकासाठीं जागा मागितली तेव्हां भाडेकरू कोर्टांत गेले. पोटाचें दुकान सुखानें कोण सोडील? त्या तंट्यांत वर्षें गेलीं. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळलें आणि डिसेंबरांत वाडा रातोरात पाडला. स्मारक व्हावें असें आम्हीच म्हणत होतों; पण जुन्या भिंतीची एक वीटही जागीं राहूं नये, असें आम्ही म्हटलें नव्हतें.