व्यापारी आणि कर-कचेरीचें पत्र

व्यापाऱ्याच्या घरीं कर-कचेरीचें पत्र आलें म्हणजे घराची कळाच पालटते. चहा निवून जातो, मुलांना उगाच बोलणीं बसतात, आणि पत्र पुरतें वाचून होण्यापूर्वींच धनी एक तर तें गादीखालीं सारतो, नाहीं तर 'मागतील तेवढे भरून मोकळे होऊं' असें म्हणूं लागतो. दोन्ही मार्ग भीतीचे. आणि भीतीनें केलेला हिशेब क्वचितच जुळतो.

समजा, पुण्यांतील लोखंडी सामानाच्या एका व्यापाऱ्यानें २०२१-२२ सालीं १,००,००० रुपयांचें एक बिल केलें. त्यावर १८ टक्के दरानें वस्तु व सेवा कर १८,००० रुपये झाला, आणि तो त्यानें भरलाहि. परंतु 'जीएसटीआर-१' हें विक्रीचें विवरण पाठवितांना कारकुनाच्या हातून एक शून्य अधिक पडलें. विक्री १०,००,००० ची व कर १,८०,००० चा दिसूं लागला. अर्थात् कचेरीच्या दृष्टीनें १,६२,००० रुपये कमी पडले, आणि 'एएसएमटी-१०' या नमुन्याचें पत्र निघालें.

हें पत्र म्हणजे निकाल नव्हे. ती विचारणा आहे. दोन विवरणांत फरक कां, एवढेंच तें विचारतें. घाबरून पैसे भरणारा माणूस न लागणारे १,६२,००० रुपये देऊन बसेल. पत्र दडवून ठेवणाऱ्यावर मात्र हिशेबतपासणी, झडती किंवा मागणीची नोटीस यांपैकीं कांहींहि ओढवूं शकतें.

मग करावें काय? प्रथम पत्र खरें आहे कीं नाहीं, हें पाहावें. भ्रमणध्वनीवर आलेल्या दुव्याला हात न लावतां, कराच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या खात्यांत स्वतः जाऊन तें शोधावें. मग कोणत्या वर्षाविषयीं, कोणत्या रकमेविषयीं आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर मागितलें आहे, या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर उतरून घ्याव्या. ही मुदत साधारणतः ३० दिवसांच्या आंत असते. अधिक वेळ लागणार असेल तर मुदत संपण्यापूर्वींच तो मागावा.

त्यानंतर वही उघडावी. आपल्या व्यापाऱ्यानें मूळ बिलाची प्रत, रोजमेळाचें पान व बँकेंतील जमा-नोंद जोडून 'एएसएमटी-११' या नमुन्यांत उत्तर दिलें कीं काम झालें. उत्तरांत गाऱ्हाणें नको, उपदेश नको. विचारलें तेवढेंच सांगावें आणि त्याचा पुरावा द्यावा. अधिकाऱ्याचें समाधान झालें म्हणजे तो 'एएसएमटी-१२' नें तसें कळवितो.

आणि चूक खरोखरच आपली निघाली तर? तीहि शांतपणें मान्य करावी. लबाडी नसेल आणि मागणीची नोटीस निघण्यापूर्वीं कर व त्यावरील वार्षिक १८ टक्के व्याज भरलें, तर दंड पडत नाहीं. खोट्या उत्तरापेक्षां हें पुष्कळ स्वस्त पडतें. रक्कम मोठी असेल तर जाणत्या करसल्लागारास दाखवावें. पण त्याच्याकडे जातांनाहि वही आपण वाचलेली असावी.

'कर नाहीं त्याला डर कशाला' अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यापाऱ्यानें तिला एवढीच पुस्ती जोडावी कीं, ज्याचा कर वहींत स्वच्छ लिहिलेला आहे, त्यालाहि डर नको.