आजींच्या हातचा चहा



सेवाकार्यात देवाच्या प्रीतीचा अनुभव कसा आला, यावर दहा मिनिटे बोल, असे मला सांगण्यात आले आहे. मी आयुष्यभर परिचारिका होते, भाषणाची सवय नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी मधेच विसरून खाली उतरले होते, ते काहींना आठवत असेल. म्हणून आज लिहून आणले आहे.

आपल्यापैकी कितीतरी जण आमगाव, सालेकसाकडून पॅसेंजरने शाळेत यायचे. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना बायबलची प्रत दिली. टिळक पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना हा घाव सोसवला नाही. कित्येक वर्षे त्या टिळकांपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे कायम होते. मग एकदा एकांतात त्यांनी स्वतःलाच विचारले, की या जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच केल्या, असे मनाला पटले, आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळे आहे. मी ते शाळेत असतानाच वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि अंगावर येणे वेगळे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मिशन दवाखान्याच्या कुष्ठरोग विभागात होते. तिथे एक आजी होत्या. त्यांचा औषधोपचार पूर्ण झाला होता, त्यांच्यापासून कुणालाही धोका नव्हता. पण पायाला संवेदना नसल्याने जखम पुन्हा पुन्हा व्हायची. मी रोज पट्टी बांधायचे. एक दिवस त्यांनी वाकड्या बोटांत कप धरून मला चहा दिला. मी म्हणाले, “आजी, आज माझा उपास आहे.” दुसऱ्या दिवशीही तेच सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलेच नाही, आणि मला हायसे वाटले.

त्या हायसे वाटण्याचीच मला नंतर लाज वाटली. रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. जखमेला हात लावताना मला काही वाटत नव्हते, कारण तेव्हा मी देणारी होते. घ्यायची वेळ आली तेव्हा हात मागे गेला.

संध्याकाळी मी प्रार्थनामंदिराच्या पायरीवर एकटीच बसले. टिळक थबकले होते तेच प्रवचन काढून वाचले. ते सातव्या अध्यायात संपते. आठव्याच्या आरंभी प्रभू येशू डोंगरावरून खाली उतरतो, तेव्हा समोर एक कुष्ठरोगी येतो. येशू त्याला बरे करतो, पण आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. हे मी लहानपणापासून ऐकले होते. त्या दिवशी ते माझ्याविषयी होते. बराच वेळ मी काही मागितले नाही, नुसती बसून राहिले.

सकाळी मी विचारले, “आजी, चहा आहे का?”

त्या म्हणाल्या, “आज उपास नाही का, सिस्टर?”

त्यांना पहिल्या दिवसापासून सगळे कळले होते. तरी त्यांनी कप तीनदा धुतला आणि चहात साखर जास्त घातली. देवाची प्रीती मी यांच्यापर्यंत पोहोचवते आहे, अशी तोवर माझी समजूत होती. त्या सकाळी ती त्यांच्या हातून माझ्याकडे आली. मला क्षमा मागावीही लागली नाही.

तेव्हापासून ड्यूटीवर जाण्यापूर्वी मी पंधरा मिनिटे शांत बसत आले. त्यात मोठे काही नसते. कित्येकदा झोप येते. पण ‘आज मी कुणाला टाळते आहे?’ एवढे स्वतःला विचारते. नाव आले की त्या खाटेकडे आधी जायचे.

शेवटी एक जुनी बाकी. आमचे घर ख्रिस्ती, म्हणून नववीत काही मुली माझ्या बाटलीतले पाणी वरून ओंजळीत घ्यायच्या. एकदा खो-खो खेळून आल्यावर एकीने न विचारता माझी बाटली उचलली, सरळ तोंडाला लावली आणि निम्मी संपवली. तिला बहुधा आठवतही नसेल. ती आज इथे बसली आहे. नाव घेतलेले तिला आवडणार नाही. पण बाई, देव माणसाच्या हातून कसा भेटतो, याचा पहिला धडा तू मला दिलास. तुझे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.