कॅमेरा आपल्याही हाती

मैत्रिणींनो, प्रवासात फोटो काढायला महागडी साधने लागतात, ही आपल्याला घरी बसवण्याची आणखी एक सबब आहे. देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला साडी नेसून, कॅमेरा घेऊन दिल्लीभर सायकलने हिंडत. १९५६ साली दलाई लामा नथुला खिंडीतून सिक्कीममध्ये आले, तो प्रसंग टिपायला त्या तिथवर गेल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो मात्र नवऱ्याच्या नावाने छापले गेले!

म्हणून सांगते, गटाने वर्गणी काढून एक सेकंडहँड कॅमेरा आणि ५० मिमीची एकच लेन्स तपासून घ्या. तेही जमत नसेल तर मोबाइल आहेच. आळीपाळीने वापरा, बाहेर पडा. वाटेत भेटणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारूनच काढा. आणि फोटोखाली नाव घालायचे ते स्वतःचेच.