लायबेरियाच्या बायकांकडून काय शिकायचं?



आजचा विषय युद्धग्रस्त भागांतल्या शांततेसाठी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय एकजूट असा आहे. यावर नुसते ठराव वाचून दाखवले तरी वेळ संपेल. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला. शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान असलं पाहिजे, असं तो सांगतो. पण ठराव झाला म्हणून कुणी खुर्ची देत नाही. म्हणून मी एकाच देशाबद्दल बोलणार आहे.

त्यामागे एक कारण आहे. गाझा, सुदान इथले व्हिडिओ आपण सगळे पाहतो. डोळ्यांत पाणी येतं, आपण स्टेटस ठेवतो आणि मग विचारतो, ‘इतक्या लांबून आपण काय करणार?’ प्रश्न खरा आहे. त्याचं थोडं उत्तर मला लायबेरियात सापडलं.

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेतला समुद्रकाठचा छोटा देश. १९८९ मध्ये तिथे यादवी सुरू झाली. मध्ये काही काळ ती थांबली, १९९९ मध्ये पुन्हा पेटली आणि २००३ पर्यंत चालली. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, दुसऱ्या बाजूला बंडखोर गट. लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या, बायकांवर बलात्कार झाले, गावंच्या गावं उठून शेजारच्या देशांत गेली.

देशात ख्रिस्ती बहुसंख्य, मुस्लिम अल्पसंख्य. मांडिंगो समाज बहुतांशी मुस्लिम आहे आणि मोठ्या बंडखोर गटात मांडिंगो बरेच होते. त्यामुळे साध्या मुस्लिम कुटुंबाकडेही संशयानं पाहिलं जाई. ‘तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न ज्यांना विचारला जातो, त्यांना रस्त्यावर उतरणं किती जड जातं, हे इथे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी ख्रिस्ती बायका चर्चमध्ये जमून शांततेसाठी काम करू लागल्या होत्या. त्यांच्या एका सभेत असातू बा केनेथ नावाची पोलीस अधिकारी उभी राहिली. मी इथली एकटी मुस्लिम आहे आणि हेच काम मी मुस्लिम बायकांमध्ये घेऊन जाणार आहे, असं तिनं सांगितलं आणि तसं केलंही. दोन्हीकडे कुरकुर झाली. ‘त्यांच्यासोबत बसलो तर आपला धर्म पातळ होईल’ अशी शंका काहींना होती. त्यावर बायकांनी एकमेकींना एक साधा सवाल केला: गोळी कधी धर्म विचारून लागते का? प्रार्थना ज्याची त्याची राहिली, मागणी मात्र एक झाली.

एप्रिल २००३ मध्ये राजधानी मनरोव्हियात, मासळीबाजाराजवळच्या मैदानात त्या बसल्या. अंगात पांढरे कपडे, दागिने नाहीत. टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज त्याच रस्त्यानं जाई. ऊन असो, पाऊस असो, बायका हलल्या नाहीत. मागण्या तीनच होत्या: बिनशर्त युद्धबंदी, वाटाघाटी आणि शांतिसेना. २३ एप्रिलला टेलरला त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या वतीनं लेमा बोवी बोलल्या.

पण ही ताकद एका रात्रीत आली नव्हती, आणि आपला विषय इथेच सुरू होतो. २००० मध्येच लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनी या तीन देशांतल्या बायकांनी ‘मानो रिव्हर’ शांतता जाळं उभं केलं होतं. तिन्ही देशांची सरकारं एकमेकांवर बंडखोरांना पोसल्याचे आरोप करत होती आणि या बायका तिन्ही राजधान्यांत जाऊन राष्ट्राध्यक्षांना बोलणी करायला सांगत होत्या. २००१ मध्ये नायजेरियाच्या थेल्मा एकियोर यांच्या पुढाकारानं स्त्रियांचं आणखी एक जाळं सुरू झालं. ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका मोठ्या शांतता संघटनेचा भाग होतं. लेमा बोवी त्याच्या लायबेरियातल्या समन्वयक होत्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला, तर ज्यांचे नंबर आधीपासून आपल्याकडे असतात त्यांनाच आपण फोन करतो. एकजुटीचंही तसंच आहे. आग लागल्यावर ओळखी काढायला वेळ नसतो.

या ओळखी उपयोगी पडल्या त्या घानामध्ये. जून २००३ मध्ये अक्रा शहरात वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा काही बायका तिथे पोहोचल्या. घानातल्या निर्वासित छावणीत राहणाऱ्या लायबेरियन बायका त्यांना येऊन मिळाल्या. आठवडे गेले. पुढारी हॉटेलात आरामात राहत होते आणि खुर्च्यांवरून भांडत होते. तिकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये एके दिवशी बायकांनी हात एकमेकींत गुंफले आणि सभागृहाच्या दारात बसल्या. करार केल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही! रक्षक अटक करायला आले, तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईनं स्वतःला असं उघडं करणं हा त्या भागात मोठा शाप मानला जातो. रक्षक थबकले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करी शासक अब्दुलसलामी अबूबकर. त्यांनी बायकांशी बोलणी केली. पुढाऱ्यांनी बैठकांना नीट हजर राहायचं, या अटीवर त्या उठल्या. १८ ऑगस्टला करार झाला. त्याच्या आठवडाभर आधी टेलर देश सोडून गेला होता.

हे सगळं फक्त बायकांमुळे झालं का? नाही. बंडखोर राजधानीत शिरले होते, टेलरवर युद्धगुन्ह्यांचे आरोप जाहीर झाले होते, पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्य आलं होतं. पण दाराआडच्या बोलण्यांत मरणाऱ्या माणसांची घाई कुणी आणली असेल, तर ती या बायकांनी.

करारानंतरही त्या घरी गेल्या नाहीत. शस्त्रं खाली ठेवण्याच्या मोहिमेत त्यांनी मदत केली, २००५ च्या निवडणुकीत बायकांची नावं मतदारयादीत घातली. त्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०११ चं शांततेचं नोबेल सरलीफ, बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळालं. आपला एक धागाही यात आहे. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची फक्त महिलांची तुकडी लायबेरियात गेली. अशी ती जगातली पहिलीच. २०१६ पर्यंत भारतीय महिला पोलीस तिथे होत्या.

त्याच २०१६ मध्ये लेमा बोवी इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायकांच्या शांतता मोर्चात चालल्या. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दोन्हीकडच्या बायकांच्या संघटनांनी पुन्हा एकत्र कार्यक्रम केला. तीन दिवसांनी हमासचा हल्ला झाला. इस्रायली संघटनेच्या एक संस्थापक, व्हिव्हियन सिल्व्हर, त्यात मारल्या गेल्या. त्यानंतर गाझात हजारो बायका आणि मुलं मारली गेली. एकजूट दरवेळी जिंकत नाही, हेही आपल्याला माहीत असलं पाहिजे. सिल्व्हर यांच्या मुलानं सूड नको, शांतता हवी असंच जाहीरपणे सांगितलं.

तर आपण काय करायचं? पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी त्या देशात कोणत्या बायका काम करत आहेत आणि त्या नेमकं काय मागत आहेत, हे शोधा. त्यांचं म्हणणं मराठीत, उर्दूत आणा. दुःख आपल्या माणसांचं असो वा दुसऱ्यांचं, मापं दोन ठेवू नका. आणि आपल्या गल्लीत, कॉलेजात, दुसऱ्या समाजाच्या मैत्रिणींशी, मित्रांशी ओळख आजच करून ठेवा, सगळं शांत असताना. मुलग्यांनो, हे तुम्हालाही सांगते आहे. सभेत असातूसारखी एखादी उभी राहील, तेव्हा तिला बसवू नका.